आजोबांची ३१५ बोर रायफल नेमावर आणायची तर पैसे कुठे घालायचे

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलंय, थोडं आटोपशीर करून देतो.

"काका, आमचं घर वाळपईपासून पुढे. आजोबांची ३१५ बोरची रायफल घरात आहे, बाबांचं वय सत्तरच्या पुढे गेलं म्हणून गेल्या वर्षी लायसन्स माझ्या नावावर झालं. शिकार वगैरे काही करायची नाही, पण मित्रामुळे नेमबाजीच्या रेंजवर जायचा नाद लागलाय. रेंजवर टेबलावर बसून ५० मीटरवर पाच गोळ्या मारल्या तर जेवणाच्या ताटाएवढ्या पसरतात. एकजण म्हणतो स्कोप, म्हणजे दुर्बीण लाव, एकजण म्हणतो नळीच गेलीय, सोडून दे. ओळखीचा एक लोहार आहे तो म्हणतो नळीचं तोंड अर्धा इंच कापून देतो आणि ट्रिगर पण हलका करून देतो. माझ्याकडे पाच-सहा हजार आहेत, त्याच्या वर जमणार नाही. कशावर घालू?"

पुता, पहिलं काम म्हणजे त्या लोहाराला नको म्हणून सांग, आजच सांग. तो माणूस कोयते-पिकाव उत्तम करत असेल, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण बंदूक नुसती दुरुस्त करायला सुद्धा वेगळं लायसन्स लागतं, शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ मध्ये ते लिहिलंय, आणि नळी आखूड करण्यासाठी तर कलम ६ वेगळंच आहे. अर्ध्या इंचाने काय होतंय असं वाटतं पण कायद्यात अर्ध्या इंचाला सूट नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी करवतीने कापून कानसीने घासलेलं तोंड कधी काटकोनात येत नाही, म्हणजे पैसे देऊन रायफल आणखी बिघडवून घेतल्यासारखं होईल. ट्रिगरचं तर त्याहून वाईट. जो छोटासा कोना स्ट्रायकरला, म्हणजे काडतुसावर आदळणाऱ्या सुईला, अडवून धरतो तो फक्त वरवर कडक केलेला असतो, घासला की आतलं मऊ लोखंड उघडं पडतं, मग एक दिवस बोल्ट, म्हणजे मागून नळी बंद करणारा दांडा, बंद करतानाच बार सुटतो. असं झालेलं मी ऐकलंय आणि त्या गोष्टी चांगल्या नसतात.

शिकार करायची नाही हे तू आपणहून लिहिलंस ते बरं केलंस. १९७२ चा वन्यजीव कायदा आल्यावर आजोबांच्या वेळच्या त्या सगळ्या गोष्टी संपल्या, आणि रानडुकराने नाचणी खाल्ली किंवा गव्याने केळी मोडल्या तरी आपण होऊन बंदूक काढायची नाही, वन खात्याकडे अर्ज करायचा. मी पुढे जे सांगतोय ते सगळं कागदावर मारायच्या नेमासाठी.

आता रायफलीकडे येऊ. पण खर्चाच्या आधी दोन गोष्टी बघून घे कारण त्यातली एक जरी बिघडलेली असली तर बाकी सगळं वाया आहे.

तुझा रेंजवरचा कागद काढ आणि भोकं नीट बघ. गोल आहेत की लांबट? गोळी आडवी होऊन कागदात शिरली असेल तर भोक लांबट पडतं, किल्लीच्या भोकासारखं. तसं असेल तर नळीतले आटे, म्हणजे आतल्या पिळदार खाचा, गोळीला धरत नाहीत, आणि नीट साफ केल्यावरही तसंच होत असेल तर मग तुझ्या बजेटमध्ये त्यावर इलाज नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. भोकं गोल असतील तर नळीत जीव आहे, आणि ताटाएवढा पसारा बहुतेक दुसऱ्या कुठल्यातरी कारणाने होतोय.

दुसरं, झाडलेली काडतुसं, म्हणजे रिकामे पितळेचे खोके फेकू नकोस, घरी आण आणि उजेडात फिरवून बघ. ३१५ बोरची रायफल आपल्याकडे जी दिसते ती बहुतेक ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश फौजी रायफलीच्या ढाच्यावरची, ३०३ ही फौजेची बोर म्हणून ती सामान्य माणसाला मिळायची नाही, मग त्याच ढाच्यावर ३१५ ची नळी बसवून ब्रिटनच्या बीएसए कंपनीने आणि नंतर आपल्या बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याने या रायफली काढल्या. या ढाच्यात बोल्टचे अडकणारे कान मागच्या बाजूला असतात, पुढे नाही, त्यामुळे बार झाल्यावर पितळ थोडं ताणलं जातं, ते चालतं. पण खोक्याच्या बुडापासून साधारण एक सेंटीमीटर वर गोल फिरून चकचकीत पट्टा दिसत असेल, किंवा बारीक चीर दिसत असेल, तर तिथेच थांब. रायफल लायसन्सवाल्या गनस्मिथकडे ने आणि हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतुसाचं बूड यांतली फट, तपासून घे, पाच हजारांतले एक हजार त्यात गेले तरी जाऊ दे. बोल्टवरचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर जुळतो का ते पण बघ, कारण या रायफलीचे बोल्ट एकमेकांना चालत नाहीत, आणि जुन्या घरात दोन-दोन रायफली होत्या तिथे बोल्टची अदलाबदल झालेली असू शकते.

हे दोन्ही ठीक निघालं असं धरून पुढे जातो.

स्वच्छता. तू म्हणशील रोज तेल लावतो. कुठलं लावतोस ते लिहिलं नाहीस पण आपल्याकडे बहुतेक घरात खोबरेल लावतात, आमच्याकडेही लावायचे, घरातच असतं ना. खोबरेल चोवीस डिग्रीच्या खाली गोठायला लागतं. तुमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे ते बाटलीतसुद्धा पांढरं होतं. तेच बोल्टच्या आत स्प्रिंगवर बसलेलं असतं, त्यात धूळ आणि जुनी दारूची राख मिसळून मेणासारखा थर झालेला असतो, मग चाप दाबल्यावर स्ट्रायकर जड होऊन पुढे जातो. चाप दाबला आणि बार झाला यातला वेळ वाढला की तेवढ्यात तुझा हात हललेला असतो. कधी कधी बारच होत नाही. तसं झालं तर रायफल टार्गेटकडे धरूनच तीस सेकंद थांब, मग बोल्ट उघड. तर बोल्ट बाहेर काढून पेट्रोलने नको, घासलेट किंवा व्हाइट स्पिरिटने धू, पूर्ण सुकव, आणि शिलाई मशीनचं पातळ तेल बोटावर घेऊन नुसतं चोळ. दिसेल इतकं तेल राहिलं तर जास्त झालं.

नळीसाठी मात्र थोडा खर्च कर. एक अखंड रॉड, शक्यतो प्लास्टिकचं कव्हर असलेला, पितळेचा ब्रश त्याच मापाचा म्हणजे ८ मिमीचा, तांबं काढायचं सॉल्व्हंट, आणि जुन्या फ्लॅनेलचे चौकोनी तुकडे, ते घरी काप. बोल्ट काढ आणि मागून, म्हणजे काडतूस बसतं त्या चेंबरच्या बाजूने रॉड घाल. तोंडाकडून नको, का ते खाली सांगतो. सॉल्व्हंटचा ओला तुकडा फिरव, दहा-पंधरा मिनिटं थांब, मग सुका फिरव. पहिले काही तुकडे काळे येतील, ती दारूची राख. नंतर हिरवट-निळे यायला लागतील, ते तांबं, गोळीच्या कवचाचं, आजोबांच्या वेळेपासून एकावर एक बसलेलं. हे एका संध्याकाळी निघत नाही. मला एका रायफलीला सहा दिवस लागले होते, रोज दोन वेळा, आणि सहाव्या दिवशी तुकडा पांढरा आला तेव्हा नळीत टॉर्च मारून बघितलं तर आटे पहिल्यांदा धारदार दिसले. सॉल्व्हंटमध्ये अमोनिया असतो म्हणून खिडकी उघडी ठेव आणि रात्रभर नळीत ठेवू नकोस. जुनी काडतुसं वापरली असशील तर आणखी एक, काही जुन्या कॅपमधले, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीतले, क्षार नळीत उरतात आणि हवेतलं पाणी ओढतात, ते तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात, तेव्हा झाडून आल्यावर आधी कढत पाणी, मग पूर्ण सुकवणं, मग तेल. आपल्या पावसाळ्यात हे चुकवलं तर दोन दिवसांत गंज आलेला असतो. नळीत बारीक खड्डे दिसले तर घाबरू नकोस, खड्डे असलेल्या नळ्याही बऱ्या मारतात.

आता ते तोंड. गोळी नळीतून सुटताना शेवटचा स्पर्श ज्या कडेला होतो ती कड सगळीकडून सारखी असावी लागते, नाहीतर मागून येणारा गॅस एका बाजूने आधी सुटतो आणि गोळीला धक्का देतो. ही कड मी स्वतः बिघडवलीय म्हणून मला हे मनापासून सांगायचंय. आमच्याकडे पुलथ्रू होता, दोरीला चिंधी बांधून ओढायची ती पद्धत, आणि मी वीसेक वर्षांचा असताना दर वेळी पडवीत उभा राहून दोरी खाली माझ्या पायाकडे ओढायचो, सरळ पुढे नाही. दोरीला अंगणातली माती लागलेली असायची, ती कानसीचंच काम करते. दोन-तीन पावसाळ्यांनंतर रायफल उजवीकडे वर मारायला लागली, मी साइट, म्हणजे नेम धरायची खूण, सरकवत बसलो, काडतुसं फुकट घालवली. शेवटी एका जाणत्या माणसाने भिंग लावून दाखवलं, कडेवर खालच्या बाजूला एक गुळगुळीत खाच होती, नखाला लागत नव्हती पण डोळ्याला दिसत होती. ती दोरीने पाडलेली, म्हणजे मीच पाडलेली, आणि आमच्या वडिलांनी ती रायफल तीस वर्षं जपली होती.

तू असं तपास. रायफल रिकामी, बोल्ट बाहेर. कान साफ करायची कापसाची काडी घे, तोंडाच्या आतल्या कडेवरून हलक्या हाताने आतून बाहेर फिरव, सगळीकडून. जिथे बुर असेल तिथे कापसाचा धागा अडकतो. मग टॉर्च आणि भिंग घेऊन बघ, प्रत्येक आट्याची टोकं सारखी तीक्ष्ण आहेत का. एकीकडे गोलसर आणि एकीकडे धारदार असं असेल तर गनस्मिथ नळी न कापता पितळेच्या गोल डोक्याने आणि बारीक पेस्टने आतली कड सारखी करून देतो, छोटं काम आहे, आणि माझं तेवढ्याने काम झालं. खर्च करण्यासारख्या ज्या दोनतीन गोष्टी आहेत त्यात ही येते, पण दोष दिसला तरच.

लाकूड. यावर मला जास्त बोलायचंय कारण गोव्यात हे सगळ्यात दुर्लक्षित असतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की कपाटातले चपलांचे जोड पांढरे होतात, आणि सत्तरीत तर पाऊस किनाऱ्यापेक्षा जास्तच. लाकूड ती ओल पितं, फुगतं, आणि नळीला एका बाजूने दाबतं. मग मे महिन्यात बरोबर मारणारी रायफल ऑगस्टमध्ये दुसरीकडे मारते आणि माणूस साइटला दोष देतो. वर्षानुवर्षं फुगून-सुकून लाकूड आतून दबतं, स्क्रू ढिले पडतात. ली-एनफिल्डच्या ढाच्यात धक्का घेणाऱ्या दोन जागा पुढच्या लाकडात असतात, बॉडीच्या मागच्या टोकाजवळ, तिथलं लाकूड दबलं की प्रत्येक बाराला बॉडी थोडी मागेपुढे सरकते, आणि मग कागदावर दोन वेगवेगळे झुबके, म्हणजे भोकांचे पुंजके, पडतात, किंवा सगळीकडे पसारा.

आधी स्क्रू बघ. चाकूच्या टोकाने नको, बाजारातल्या साध्या निमुळत्या स्क्रू-ड्रायव्हरनेही नको, तो खाचेतून सटकून स्क्रूचं डोकं खातो. एक चांगला स्क्रू-ड्रायव्हर घे आणि त्याचं टोक खाचेत बरोबर बसेल असं घासून घे, स्क्रू-ड्रायव्हर घासायला लायसन्स लागत नाही. ट्रिगर गार्डचा पुढचा मोठा स्क्रू आधी घट्ट, मग मागचा. घट्ट म्हणजे मनगटाच्या जोराने, अंगाच्या नाही. आणि एक गोष्ट कधीच विसरू नकोस, मागचा दस्ता, खांद्याला टेकतो तो, हलत असेल म्हणून त्याच्या आतला लांब बोल्ट थेट फिरवायला जाऊ नकोस. या घडणीच्या बऱ्याच रायफलीत त्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं, पुढचं लाकूड आधी न काढता तो फिरवला की लाकूड मागून उभं चिरतं. किती सुंदर जुन्या रायफली अशा चिरलेल्या मी बघितल्यात, आणि सगळ्या घरीच चिरलेल्या.

मग कागदाची एक पट्टी घे आणि नळी आणि पुढचं लाकूड यांच्या फटीत सरकव. कुठे अडते ते पेन्सिलीने लाकडावर खूण कर. इंटरनेटवर तुला सगळे सांगतील की लाकूड घासून नळी पूर्ण मोकळी कर. नव्या रायफलीला ते बरोबर आहे पण इथे घाई करू नकोस, कारण या ढाच्याच्या फौजी रायफलीत तर पुढच्या टोकाला नळीवर खालून दाब मुद्दाम दिलेला असायचा, आणि तुझ्या रायफलीला काय आवडतं ते मारून बघितल्याशिवाय कळत नाही. घासलेलं लाकूड परत येत नाही. त्यापेक्षा पत्त्यातलं एक पान काप, साधारण बोटाएवढा तुकडा, आणि लाकडाच्या पुढच्या टोकाला नळीखाली सरकवून पाच गोळ्या मार. मग काढून पाच मार. मग दोन तुकडे. फरक कागदावर दिसेल, आणि खर्च एका पानाचा. ज्यात झुबका लहान आला तसं ठेव. मागच्या धक्क्याच्या जागा दबलेल्या असतील तर तिथे तांब्याचे पत्रे बसवणं किंवा इपॉक्सी भरणं हे गनस्मिथचं काम, ते पुढच्या वर्षी करता येतं.

लाकडाला बाहेरून जवसाचं तेल, दोन थेंब तळहातावर घेऊन चोळायचं, दुसऱ्या दिवशी परत, असं आठवडाभर. त्या तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस, ती आपोआप तापून पेट घेते, पाण्यात भिजवून टाक. आणि रायफल कातडी किंवा कॅनव्हासच्या कव्हरमध्ये घालून ठेवू नकोस, कव्हर ओल धरून ठेवतं. बंद कुलूपबंद कपाट, आत सिलिका जेल, ते निळ्याचं गुलाबी झालं की तव्यावर गरम करून परत निळं होतं. निवडणुकीत रायफल जमा करावी लागते त्या वेळी नळीत पातळ ग्रीस भरून दे आणि ट्रिगर गार्डला चिठ्ठी बांध, नळीत ग्रीस आहे, झाडण्याआधी पुसा, अशी. माझी एकदा दोन महिने जमा होती आणि परत मिळाली तेव्हा नळीतून विटकरी भुकटी निघाली, त्यानंतर मी हे कधी चुकवलं नाही.

साइट. स्कोप आत्ता नको. या रायफलीवर स्कोप बसवायचा म्हणजे बॉडीला भोकं पाडून आटे काढावे लागतात, ते परत लायसन्सवाल्याकडेच, माउंट आणि स्कोप मिळून तुझं बजेट दोनदा संपेल, आणि दस्ता उघड्या साइटच्या उंचीचा असल्यामुळे गाल टेकायला जागाच राहत नाही. ताटाएवढा पसारा स्कोपमधूनही ताटाएवढाच दिसतो, फक्त मोठा. पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा उंचवटा, बोटाने हलते का बघ, मागचं पान, म्हणजे खाचेची पट्टी, हलतं का बघ. हलत असेल तर सापडला तुझा चोर.

घट्ट असेल आणि झुबका लहान होऊन नुसता एका बाजूला पडत असेल तेव्हाच साइट सरकवायची, त्याच्या आधी नाही. हिशोब सोपा आहे. मागच्या खाचेपासून पुढच्या माशीपर्यंत टेपने मोज. समजा ५० सेंटीमीटर भरलं. टार्गेट ५० मीटरवर, म्हणजे शंभर पट. झुबका १० सेंटीमीटर डावीकडे पडतोय तर साइट त्याच्या शंभराव्या भागाने, म्हणजे एक मिलिमीटर सरकवायची, बस. मागची साइट ज्या बाजूला गोळी न्यायची त्या बाजूला, पुढची माशी उलट बाजूला. माशी उंच असेल तर गोळी खाली जाते, म्हणून घासायची झाली तर घासायच्या आधी तीनदा विचार कर, आणि केसभर घास. सरकवायच्या आधी पेन्सिलीने बारीक रेघ मार म्हणजे मूळ जागा राहते, आणि पितळेच्या तुकड्यानेच ठोक.

उन्हात माशी चमकली की डोळा चमकत्या बाजूकडे ओढला जातो. देवघरातला कापूर घे, एका वाटीत पेटव आणि माशी त्याच्या धुरावर क्षणभर धर, काजळी बसून ती मखमलीसारखी काळी होते. जुने नेमबाज हेच करायचे. रायफल रिकामी, काडतुसं दुसऱ्या खोलीत, आणि लाकूड ज्योतीपासून लांब. तुझ्या डोळ्यांना नंबर असेल तर चष्मा घाल, माशी स्पष्ट दिसली पाहिजे, टार्गेट थोडं धूसर दिसलं तरी चालतं.

काडतुसं. बजेटमधले जे उरतील ते सगळे इथे घाल, अर्धे तरी उरतील. एकाच लॉटची घे, डब्यावर नंबर असतो. आजोबांच्या पेटीतली जुनी, थोडी या डब्यातली थोडी त्या डब्यातली अशी मारलीस तर पसारा होणारच, दारूचा जोर वेगळा असतो. घरी काडतूस भरायचा विचार कोणी डोक्यात घातला तर तो पण लोहाराबरोबर सोडून दे, त्यालाही लायसन्स लागतं. काडतुसाला किंवा चेंबरला तेल लावू नकोस, बोल्टवर जोर वाढतो, आणि मारायच्या आधी नळीतून एक सुका तुकडा फिरव, तेलकट नळीतली पहिली गोळी दुसरीकडेच जाते.

आणि शेवटी तू स्वतः. मला खरं तर असं वाटतं की तुझ्या ताटातला अर्धा भाग धक्क्याच्या भीतीचा आहे. ३१५ ला जाड गोळी, त्या दस्त्याच्या मागे लोखंडी पट्टी, खांद्याला लागतं, तीन बारांनंतर माणूस चाप दाबायच्या आधीच खांदा पुढे करतो आणि डोळे मिटतो, त्याला कळतही नाही. रबरी पॅड चढवून घे, वरून चढवायचा स्वस्त मिळतो. कानात प्लग आणि वरून मफ, दोन्ही, आवाज कमी झाला की भीती निम्मी होते. मग मित्राला सांग की काडतुसांत डमी मिसळ आणि मला न सांगता भरून दे. डमीवर चाप दाबल्यावर नळीने खाली डुबकी मारली तर तुला तिथेच उत्तर मिळालं. घरी रोज दहा मिनिटं, चेंबर तीनदा बघून, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात, डमी घालून भिंतीवरच्या ठिपक्यावर सराव कर, माशीच्या मागे नळीवर एक रुपया ठेवून, चाप दाबताना तो पडता कामा नये. महिनाभर कर. फुकट आहे आणि माझ्या मते वर लिहिलेल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त गुण देतं.

रेंजवर जायच्या आधी विचार की तिथे मोठ्या बोरला परवानगी आहे का, एअर रायफलच्या रेंजवर ही चालत नाही. आणि रेंज लांब पडते म्हणून कुळागराच्या मागे चिऱ्याच्या खाणीत जाऊन मारू नकोस. ही गोळी दोन किलोमीटरच्या पुढे जाते, चिऱ्यावर आपटून कुठेही उडते, आणि आपल्याकडे रानात कोण ना कोण काजू गोळा करत असतंच.

टेबलावर वाळूच्या दोन पिशव्या, किंवा तांदळाच्या, पुढच्या लाकडाखाली ठेव, नळीखाली कधीच नाही, नळी टेकली की नेम बदलतो. दोन बारांमध्ये दोन मिनिटं थांब, नळी हाताला कोमट लागली की आणखी थांब. आधी काहीही न बदलता पाच, तो कागद जपून ठेव. मग साफ करून पाच. मग स्क्रू घट्ट करून पाच. एका वेळी एकच गोष्ट बदल आणि कागदाच्या कोपऱ्यात तारीख, लॉट, काय बदललं, ऊन होतं की ढग, सगळं लिही. पाचही गोळ्या चहाच्या कपाच्या तोंडाएवढ्या जागेत यायला लागल्या की उघड्या साइटच्या जुन्या रायफलीकडून ५० मीटरवर जे मागता येतं ते मिळालं असं समज, त्याच्या खाली आणायला पैसे लागतात आणि त्याची तुला आत्ता गरज नाही.

पहिला आणि तिसरा कागद, दोन्हींचे फोटो मला पाठव, शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि एका रिकाम्या खोक्याचा बुडाकडचा फोटो पण काढ, उजेडात.